तीनशे साठ उत्तरपत्रिका आणि घरात दोन लहान मुलं : इतिहासाच्या शिक्षकाचं वर्ष कसं आखावं

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवतो. बायको सरकारी रुग्णालयात परिचारिका, म्हणजे तिन्ही पाळ्या. घरात पहिलीतली लेक, अडीच वर्षांचा धाकटा, आई आणि माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आजी. स्टाफरूममध्ये गणिताचे सर अधूनमधून टोमणा मारतात, "तुमचं बरंय, गोष्टी सांगायच्या आणि घरी जायचं." घरी जाताना माझ्या पिशवीत काय असतं ते त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

त्या पिशवीबद्दलच हा लेख आहे. इतिहासाच्या शिक्षकाला तास घेण्याचं ओझं फारसं नसतं. उत्तरपत्रिका, जयंत्यांची भाषणं, सहलीचे कागद, निवडणुकीचं प्रशिक्षण हे सगळं तासाबाहेरचं, आणि ते घरी येतं. मूल लहान असताना आखणी करायची तर घरी येणाऱ्या पिशवीचीच करावी लागते. सहा वर्षं चुकतमाकत मला जे जमलं ते जून ते मे या क्रमाने सांगतो. ज्यांच्या घरी आजी-आजोबा नाहीत त्यांना यातलं काही बदलून घ्यावं लागेल, हे आधीच कबूल.

जून : वेळापत्रक पक्कं होण्याआधी

शाळा जूनच्या मध्यात उघडते, विदर्भात महिनाअखेरीस. तासवाटप त्याच्या आगेमागे ठरतं. एकदा वेळापत्रक काचेच्या फळ्यावर लागलं की त्यातला एक तास हलवायला चार जणांची मनधरणी करावी लागते. म्हणून मागायचं ते आधी मागा. मी दोनच गोष्टी मागतो.

पहिली, इयत्ता कमी द्या, तुकड्या जास्त चालतील. माझ्याकडे आठवी, नववी, दहावीच्या प्रत्येकी दोन तुकड्या आहेत. म्हणजे तास सहा तुकड्यांचे, तयारी तीन इयत्तांची. याच सहा तुकड्या पाच इयत्तांत विखुरल्या असत्या तर पाच पाठ्यपुस्तकं, पाच टाचणं, शिवाय प्रत्येकात राज्यशास्त्र वेगळं. नवीन शिक्षक 'कुठलाही वर्ग द्या सर' म्हणून मोकळा होतो आणि वर्षभर रात्री वाचत बसतो. मीही बसलोय.

दुसरी, आठवड्यातून दोन दिवस शेवटचा तास मोकळा ठेवा. बायकोला दुपारपाळी असते तेव्हा अंगणवाडीतून धाकट्याला आणि शाळेतून लेकीला आणणारा मीच असतो. या बदल्यात सकाळच्या परिपाठाची जबाबदारी मी आपणहून घेतली. नुसतं मागितलं की तोंडाला पानं पुसली जातात, काहीतरी देऊन मागितलं की वेळापत्रक करणारे सर पेन्सिल हातात घेतात.

मग भिंतीवरची दिनदर्शिका. शाळेच्या वार्षिक नियोजनातून घटक चाचण्या, प्रथम सत्र, द्वितीय सत्र आणि गुण भरून देण्याच्या तारखा लाल पेनाने लिहा. जोडीदाराच्या कामाच्या तारखा निळ्याने. आमच्याकडे ड्यूटीचा तक्ता महिन्याचा लागतो, त्यामुळे लाल आठवडा दिसला की बायको इनचार्ज सिस्टरना आधीच सांगून ठेवते, तेवढे दिवस रात्रपाळी नको. त्याची परतफेड म्हणून गणपतीच्या सुट्टीत ती रात्रपाळी घेते आणि मी घर बघतो. हे बोलणं जूनमध्ये झालं तर ते नियोजन असतं. ऑक्टोबरमध्ये झालं तर ते भांडण असतं.

टाचण : एका पाठाला एक पान, एकदाच

पर्यवेक्षकांना दाखवायचं टाचण वेगळं, ते नमुन्याप्रमाणे लिहावंच लागतं. मी म्हणतोय ते स्वतःसाठीचं. एका पाठाला एकच पान आणि त्यावर चारच गोष्टी : पाच-सहा सनावळ्यांची एक रेघ, वर्गात दाखवता येईल अशी एक वस्तू किंवा चित्र, आपल्या जिल्ह्यातला एक दुवा आणि ज्याचं उत्तर पुस्तकात सरळ सापडत नाही असा एक प्रश्न.

उदाहरण आठवीतलं. १८५७ च्या पाठात २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे, १० मेला मीरत, मग दिल्ली, ही झाली रेघ. जिल्ह्यातला दुवा रंगो बापूजी. साताऱ्याच्या गादीसाठी इंग्लंडला जाऊन वर्षानुवर्षं दाद मागणारा हा माणूस १८५७ मध्ये उठावाच्या तयारीत होता. प्रश्न असा : अर्ज करून थकलेला माणूस आणि बंदूक उचलणारा शिपाई एकाच लढ्यात कसे येतात? एवढ्यावर दोन तास उत्तम जातात. वस्तू म्हणून मी कधी नकाशा नेतो, कधी नेतही नाही.

ही पानं फाईलमध्ये ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच पानावर वेगळ्या शाईने भर घाला. पाठ्यपुस्तकं बदलतात, पण रेघ आणि दुवे बदलत नाहीत. पहिल्या वर्षी एक पान करायला मला तास लागायचा, आता दहा मिनिटं पुरतात. नवीन काही सुचलं तर गाडीवरून येताना थांबून फोनवर बोलून ठेवतो. घरात शिरल्यावर 'जरा लिहून घेतो' म्हटलं की धाकटा पेन मागतो आणि विषय तिथेच संपतो.

उत्तरपत्रिका : चोवीस तासांचा हिशेब

आता खरा विषय. सहा तुकड्या, प्रत्येकी साठ मुलं, म्हणजे ३६० उत्तरपत्रिका. एकीला चार मिनिटं धरली तर १,४४० मिनिटं, बरोबर २४ तास. प्रथम सत्र परीक्षा संपते आणि दिवाळी लागते. हा हिशेब मी पहिली दोन वर्षं केलाच नव्हता. 'सुट्टीत बघू' म्हणून गठ्ठे घरी आणले आणि भाऊबीजेच्या दिवशी बहिणीकडे पाहुण्यांच्या गराड्यात नववी ब तपासत बसलो होतो.

तपासणी सुरू होते प्रश्नपत्रिका काढताना. दहावीला इतिहास व राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा असतो, त्यात इतिहास २८ आणि राज्यशास्त्र १२. आठवी-नववीचा पेपर आपणच काढतो तेव्हा तोच साचा ठेवा. मुलांना सवय होते आणि आपल्याला तपासणीची लय सापडते. पेपर काढतानाच एका पुठ्ठ्यावर उत्तरांचे मुद्दे लिहून ठेवा. 'सकारण स्पष्ट करा' दोन गुणांना असेल तर कोणती दोन कारणं, 'सविस्तर उत्तर' तीन गुणांना असेल तर कोणते तीन मुद्दे. हा पुठ्ठा नसला की चाळिसाव्या पेपरला आपला हात सैल होतो, आणि ऐंशीव्याला चीड येऊन आवळला जातो.

तपासायचं प्रश्नवार. एका उत्तरपत्रिकेचे सगळे प्रश्न संपवून दुसरी घेऊ नका. वीस पेपरांचा गठ्ठा रबर लावून वेगळा करा. आधी वीसही पेपरांचा पर्यायांचा आणि चुकीच्या जोडीचा प्रश्न, मग वीसही टिपा, मग पुढचं. डोक्यात एका वेळी एकच उत्तर राहतं आणि वेग वाढतो. आणखी एक फायदा, म्हणजे मधेच मूल उठलं तर आपण कुठे होतो ते सापडतं. अर्धवट पेपरात अडकलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या पानावर जावं लागतं.

वीसचा एक गठ्ठा म्हणजे साधारण ऐंशी मिनिटं. ऑफ तास पस्तीस मिनिटांचा असतो आणि त्यातही बदली तास लागतात. तरी दिवसाला दोन ऑफ तास मिळाले तर पाऊण गठ्ठा शाळेत उरकतो. स्टाफरूममध्ये बसू नका, तिथे चहा आणि महागाई भत्ता असतो. ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर बसा. घरी दिवसाला एकच गठ्ठा न्या, तोही मुलं झोपल्यावर उघडा, आणि संपल्यावर कपाटाच्या वरच ठेवा. पलंगावर नको, डायनिंग टेबलावर तर नकोच.

हे मी का सांगतोय? दोन वर्षांपूर्वी फोन आला म्हणून उठलो. परत येईपर्यंत आठवी अ मधल्या एका मुलीच्या उत्तरपत्रिकेवर लेकीने लाल पेनाने एक मोठं फूल काढलं होतं आणि शेजारी दहापैकी दहा दिले होते. खाडाखोड करून काही उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्या फुलाखाली तारीख टाकून सही केली आणि वर्गात त्या मुलीला जे झालं ते सांगून माफी मागितली. ती म्हणाली, "सर, ते दहा धरणार का?" वर्ग हसला, प्रकरण संपलं. पण ती शाळेचीच परीक्षा होती म्हणून. बोर्डाच्या उत्तरपत्रिका असत्या तर हसण्यावारी गेलं नसतं. त्या लहान मुलांच्या घरात आणूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. गुणांची बेरीज घरच्यांकडून करून घेण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, तीही नको.

दिवाळी : किल्ला आधी

पेपरांना २४ तास लागतात, किल्ल्याला दोन संध्याकाळी. म्हणून किल्ला आधी करा. अंगणात विटा आणि दगड रचायचे, वर ओलं गोणपाट टाकायचं, चाळलेली लाल माती थापायची आणि हळीव पेरायचे. चार-पाच दिवसांत हिरवळ दिसते, तेव्हा वसुबारसेच्या आधी माती पडलेली हवी.

इतिहासाच्या शिक्षकाला इथे एक रोग असतो. आपल्याला हुबेहूब प्रतापगड करायचा असतो आणि पोरांना बुरुजावर प्लॅस्टिकचा वाघ ठेवायचा असतो, पायथ्याशी लाल मोटार उभी करायची असते. ठेवू द्या. मी दरवर्षी एकच खरी गोष्ट आग्रहाने करून घेतो. गेल्या खेपेला गोमुखी दरवाजा केला. समोरून दिसतच नाही, दोन बुरुजांच्या कुशीत वळून जावं लागतं, म्हणजे हत्तीला धडक द्यायला पळायची जागा मिळत नाही. लेकीने दोन दगड वळवून तो केला आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "दार कुठंय सांगा?" तो फोटो मी सुट्टीनंतर नववीला दाखवला. रायगडाच्या महादरवाजाचं चित्र पाहून जे कळत नव्हतं ते त्या मातीच्या ढिगाऱ्यावरून चटकन कळलं.

जयंत्या आणि पुण्यतिथ्या

शाळेत जयंती आली की सगळ्यांच्या नजरा इतिहासाच्या सरांकडे वळतात. २६ जूनला शाहू महाराज, १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती एकाच दिवशी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ६ डिसेंबर, ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ, मग २६ जानेवारी, १९ फेब्रुवारी, ११ आणि १४ एप्रिल, १ मे. तेरा तारखा झाल्या आणि ही यादी पूर्ण नाही. आदल्या रात्री नऊला फोन येतो, "सर, उद्या दोन शब्द बोला."

उपाय सोपा आहे. प्रत्येक तारखेचं एक पाकीट करा. त्यात दहा ओळींचं निवेदन, एखादी फारशी माहीत नसलेली पण पक्की गोष्ट आणि फोटोची चांगली प्रत. जूनमध्येच तुकड्यांना तारखा वाटून टाका. त्या दिवशी त्याच तुकडीची दोन मुलं बोलतील, आपण शेवटी तीन मिनिटं. पहिल्या वर्षी पाकिटं भरायला दोन रविवार गेले. त्यानंतर आदल्या रात्रीच्या फोनला मी फक्त 'हो' म्हणतो.

याच जातीचं दुसरं काम म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. गावातल्या कुठल्याही ग्रुपवर इतिहासाचा वाद पेटला की आपल्याला टॅग केलं जातं. मूल मांडीवर झोपलेलं असताना मी एकदा दीड तास वाघनखांवर टाईप करत बसलो होतो. कुणाचंही मत बदललं नाही. आता माझं एक वाक्य ठरलेलं आहे : "याला साधन काय आहे ते कळवा, मग बोलू." साधन कुणी कळवत नाही. संध्याकाळी सहा ते आठ फोन कपाटात असतो, त्यामुळे वाद बहुधा मी पाहण्याआधीच विझतो.

पिशवी उलट दिशेने : घरातून शाळेत

हे मात्र फक्त आपल्याच विषयात जमतं. लहान मुलांचं आणि म्हाताऱ्या माणसांचं घर म्हणजे साधनांचं कोठार. नववीचा पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांवर आहे : लिखित, भौतिक, मौखिक, दृक्‌श्राव्य. आमच्या घरात चारही आहेत.

आजीचा जन्म १९३७ चा. पत्री सरकारच्या, म्हणजे साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या भूमिगत सरकारच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, ती सहा वर्षांची होती. रात्री अनोळखी माणसं भाकरी खायला यायची आणि सकाळी कुणाला सांगायचं नाही अशी तंबी असायची, एवढंच तिला आठवतं. पण ते ती माझ्या लेकीला सांगते तेव्हा ऐकणारीही सहाच वर्षांची असते, आणि प्रश्न अचूक तेच पडतात जे मला कधी सुचले नसते : "त्यांना तिखट चालायचं का?" मी फोनचं ध्वनिमुद्रण चालू करून भाजी निवडत बसतो. आठवीला त्या सरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील शिकवताना तीन मिनिटांचा तुकडा ऐकवतो.

असंच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचं. कोयनेच्या भूकंपात आजी तीस वर्षांची, कडेवर माझे वडील. १९७२ च्या दुष्काळात खाल्लेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी तर आईलाही आठवते. नववीच्या पुस्तकात १९६० नंतरचा भारत आहे, तो शिकवताना मी मुलांना हेच काम घरी देतो : दुष्काळात तुमच्या घरी काय शिजायचं ते विचारून या. अंतर्गत मूल्यमापनाच्या कामाला हे चालतं आणि वाचायला कंटाळा येत नाही.

ध्वनिमुद्रण करणार असाल तर तीन पथ्यं. एका वेळी वीस मिनिटांच्या वर नाही, म्हातारं माणूस थकतं आणि लहान मूल उठून जातं. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव तोंडाने म्हणा, नाहीतर वर्षाने फाईल ओळखू येत नाही. आणि वर्गात ऐकवण्याआधी त्यांची परवानगी घ्या. आजीने एक प्रसंग 'हे शाळेत नको' म्हणून अडवला, तो मी ऐकवत नाही.

खेळण्यांचंही तसंच. दहावीत 'खेळ आणि इतिहास' हा पाठ आहे. धाकट्याने चाक मोडलेली गाडी फेकून दिली तेव्हा ती मी पिशवीत टाकली. 'मृच्छकटिक' म्हणजे मातीची गाडी. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा पोरगा मातीच्या गाडीला नाक मुरडतो आणि रडतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा हट्ट आणि आमच्या घरातला हट्ट यात फरक नाही. त्या मोडक्या गाडीवरून सुरू झालेला तास इटलीतल्या प्राचीन पाँपेई शहरात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीपर्यंत गेला.

सुतळीची कालरेषा

सहा वर्षांच्या मुलाला 'साडेतीनशे वर्षांपूर्वी' म्हणून काही कळत नाही. लेकीच्या लेखी मी लहान होतो तेव्हाही शिवाजी महाराज होते. खरं सांगायचं तर आठवीतल्या मुलांनाही सन पाठ असतो, अंतर कळत नाही. त्यावर आम्ही घरी एक खेळ केला, तो आता वर्गात चालतो.

सुतळीचा गुंडा घ्या. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर. २०२५ मध्ये आम्ही ती दाराच्या कडीला बांधली. लेकीचं आयुष्य सहा सेंटिमीटर, तिथे पिवळी रिबीन. कोयनेचा भूकंप ५८ वर, स्वातंत्र्य ७८ वर, पणजीचा जन्म ८८ वर. म्हणजे स्वातंत्र्य पणजीच्या आत येतं, हे पाहून लेक पणजीकडे जरा आदराने बघायला लागली. राज्याभिषेक ३५१ वर, हॉलच्या दुसऱ्या भिंतीपाशी. शिवनेरीवरचा शिवजन्म ३९५ वर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखासाठी वीस मीटरच्या पुढे जावं लागतं, तेव्हा गुंडा घेऊन आम्ही रस्त्यावर पोचलो आणि शेजारच्या काकूंनी विचारलं, "सर, तार तुटली का?" शाळेत हेच व्हरांड्यात करा. खर्च एका गुंड्याचा.

झोपताना काय सांगायचं आणि काय नाही

इतिहासाच्या शिक्षकाच्या मुलांना गोष्टींची ददात नसते, असं लोक म्हणतात. मला याची भीतीही वाटते. लेक चार वर्षांची असताना मी संभाजी महाराजांच्या शेवटच्या दिवसांचा पाठ मोठ्याने वाचून तयारी करत होतो. ती पलीकडच्या खोलीत जागी होती. पुढच्या तीन रात्री ती दिवा मालवू देईना. तेव्हापासून मोठ्याने तयारी शाळेतच.

तिच्यासाठी मी गोष्टी तीन चाळण्यांतून काढतो. मारामारी असेल तर ती एका वाक्यात उरकायची आणि आधीची युक्ती लांबवायची. पन्हाळ्याहून निसटण्यात पाऊस, पालखी आणि चिखल पुष्कळ रंगतो, खिंडीतलं ती मोठी झाल्यावर. दुसरं, वाईट माणसाची जात-धर्म सांगायचा नाही, त्याचं काम सांगायचं. पोरं दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मित्राकडे कोणत्या नजरेने बघतील ते आपल्या शब्दांवर ठरतं. तिसरं, 'खरंच असं झालं का?' असं विचारलं तर दंतकथेला दंतकथाच म्हणायचं. हिरकणीची गोष्ट मी 'लोक अशी सांगतात' म्हणून सांगतो, आणि तिची गोडी त्याने तसूभर कमी होत नाही. चौथीत 'शिवछत्रपती' हातात पडेल तेव्हा बाकीचं ती स्वतः वाचेल.

डिसेंबर : सहल

शाळेच्या सहलीला स्वतःचं लहान मूल नेऊ नका. एसटीच्या दोन गाड्या, शंभर मुलं, आणि आपलं लक्ष आपल्याच पोराच्या टोपीकडे. हे त्या शंभर पालकांवर अन्यायाचं आहे. मी एकदा नेलं, पुन्हा नाही.

त्याऐवजी सहलीच्या महिनाभर आधी त्याच ठिकाणी घरच्यांसोबत जाऊन या. शिक्षक म्हणून जे बघायचं ते बायको आणि पोरं आपोआप दाखवतात : स्वच्छतागृह कुठे आहे, पाणी मिळतं का, सावली किती वाजेपर्यंत असते. पन्हाळा लहान मुलांना सोयीचा, गाडी थेट वर जाते. अंबरखान्यात धान्याच्या प्रचंड कोठारांत आवाज घुमतो म्हणून पोरं ओरडून घेतात आणि वेढ्यात धान्य का लागतं हे न सांगता कळतं. रायगडाला रज्जुमार्ग आहे. राजगड मात्र मुलं मोठी होईपर्यंत विसरा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आल्यापासून पालक तेच मागतात, पण खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग यांना होडी लागते हे लक्षात ठेवा. लेण्यांना जाणार असाल तर अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. शैक्षणिक सहलीला एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, त्याचा अर्ज आगारात वेळेत द्या, कारण डिसेंबरात सगळ्या शाळा एकदम जाग्या होतात.

रजा आणि वरची कामं

किरकोळ रजा जूनमध्येच मनातल्या मनात वाटून टाका. पावसाळ्यात मुलं तापाने आजारी पडतातच, तेव्हा निम्म्या रजा दिवाळीपर्यंत हाताशी हव्यात. लसीकरणाचे दिवसही दिनदर्शिकेवर लिहा. पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा दुसरा बूस्टर पुष्कळ जण विसरतात.

सरकारी सेवेतल्या महिलांना जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर पुरुषांनाही ती मिळते. माझ्यासारख्याला नाही, म्हणून आम्ही बायकोची रजा एकदम न वापरता माझ्या लाल आठवड्यांसाठी राखून ठेवली. आपल्या शाळेला काय लागू आहे ते कार्यालयातल्या लिपिकांकडून शासन निर्णयाची प्रत घेऊन बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकाला लागू शकतात. ती टळत नाहीत, फक्त आधी माहीत असावी लागतात. फेब्रुवारी २०२७ मध्ये लोकगणना आहे, म्हणजे ऐन दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. मी तो महिना आत्ताच दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लाल करून ठेवलाय. निवडणुकीच्या आदल्या रात्री मतदान केंद्रावर मुक्काम असतो. त्या रात्री बायकोलाही रात्रपाळी लागली तर आईच्या एकटीच्या जिवावर दोन पोरं आणि आजी राहतात, म्हणून ती एक तारीख रुग्णालयात लेखी अर्ज देऊन मोकळी करून घेतो.

मे

द्वितीय सत्राचे निकाल लागले की सुट्टीचे पहिले तीन दिवस मी शाळेतच जातो. टाचणाची पानं क्रमाने लावतो, जयंतीच्या पाकिटांत राहून गेलेलं भरतो, ध्वनिमुद्रणं नाव देऊन पेनड्राइव्हवर घेतो, उत्तरांचे पुठ्ठे इयत्तेप्रमाणे बांधतो. मग कपाटाला कुलूप लावून किल्ली मुख्याध्यापकांकडे देतो. घरी ठेवली की हात जातो.

शिकवण्यांचा मोह आपल्याला नसतो, इतिहासाला कोण क्लास लावतंय? गणिताचे सर उन्हाळ्यात तीन बॅच घेतात. मी यंदा मोडी गिरवतोय. घरच्या जमिनीचे जुने कागद ट्रंकेत आहेत, त्यातली तारीख आणि गावाचं नाव वाचता आलं. लेक शेजारी बसून तेच आकार पाटीवर काढते. हात न उचलता लिहायचं म्हटल्यावर तिला ते चित्रच वाटतं. धाकटा पाटी पुसायला टपलेला असतो.